गतीचें शिल्प आणि धायरीचा रस्ता

आपल्या भाषेंत 'गति' आणि 'वेग' हे दोन शब्द पुष्कळदां एकाच अर्थानें वापरले जातात; पण बोलणाराचा कान जागा असला म्हणजे त्यांच्यांतला भेद लगेच ध्यानांत येतो. एखाद्या मुलाला गणितांत चांगली गति आहे असें आपण म्हणतों, तेव्हां तो उदाहरणें भराभर सोडवितो एवढेंच आपल्याला सांगावयाचें नसतें. त्या विषयांत त्याचा प्रवेश झाला आहे, असें सांगावयाचें असतें. मृताला सद्गति मिळो असें आपण म्हणतों, आणि सर्व उपाय खुंटले म्हणजे आतां गत्यंतर नाहीं असेंहि म्हणतों. या तिन्ही ठिकाणीं 'वेग' हा शब्द घालून पाहावा. वाक्य हास्यास्पद होईल. वेग मोजतां येतो, आणि तासाला इतके किलोमीटर असें सांगितलें कीं त्याची हकीकत संपते. गतीला दिशा असते, हेतु असतो आणि मुक्कामहि असतो. रस्त्याच्या कडेला पोलादाचें अमूर्त शिल्प उभारावें आणि त्यांतून चलनाचा भास उत्पन्न करावा, ही कल्पना आतां आपल्या शहरांना परकी राहिलेली नाहीं. तिचा विचार करतांना हा भेद हाताशीं ठेवणें अगत्याचें आहे. कारण या कलेचा इतिहास पाहूं गेल्यास त्यांत या दोन शब्दांचाच झगडा पदोपदीं आढळतो.

विचार हवेंत तरंगूं नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवूं. पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बगलेस, धायरी हें गांव आहे. धारेश्वर महादेव हें तेथील दैवत. एके काळीं शेतीवर जगणारें हें गांव शहराच्या रेट्यानें हळूहळू पालटत गेलें, आणि त्याचा उरलासुरला भाग २०१७ सालीं इतर गांवांबरोबर पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आला. आज तेथें उंच इमारती आहेत, आणि धायरीपासून नऱ्ह्यापर्यंत लहान लहान कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडहि आहेत. लोखंड कापण्याचा, घासण्याचा आणि जोडण्याचा आवाज त्यांतून दिवसभर येत असतो. एका अंगाला सिंहगड रस्त्याची गर्दी, दुसऱ्या अंगाला मुंबईहून बंगळूरकडे जाणारा बाह्यवळण मार्ग. हा मार्ग कात्रजच्या नव्या बोगद्यांतून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरत येतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजीं रात्रीं याच उतारावर एका अवजड गाडीमुळें चाळिसांहून अधिक वाहनें एकमेकांवर आदळलीं, हें वृत्त सर्व महाराष्ट्रानें वाचलें. ज्या टापूंत एकीकडे गाड्या मुंगीच्या पावलानें सरकतात आणि दुसरीकडे उतारावरून बेभान सुटतात, त्या टापूंत चलनाचें शिल्प उभारावयाचें म्हणजे नेमकें काय उभारावयाचें? हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाहीं.

रस्त्याच्या कडेचें शिल्प ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नव्हे. गांवाच्या वेशीवर, देवळाच्या आवारांत, जुन्या वाटांच्या कांठीं वीरगळ उभे आहेत. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळाच्या चौकटींत लढाई आणि मरण, मधल्या चौकटींत अप्सरांसवें स्वर्गारोहण, वरच्या चौकटींत शिवलिंगाची पूजा. एकच वीर तीन ठिकाणीं दिसतो, आणि पाहणाराची नजर जसजशी वर सरकते तसतसा तोहि वर जातो. मुंबईच्या बोरिवली भागांतील एकसर येथील वीरगळांवर तर नौकायुद्ध कोरलेलें आहे. वल्ह्यांच्या रांगा लावलेल्या नौका एकामागून एक शत्रूवर चालून जातात. या अनामिक पाथरवटांनीं चलनाचा पहिला धडा घालून दिला. दगड हालत नाहीं, डोळा हालतो. आणि डोळ्याला वाट आंखून देणें हें शिल्पकाराचें काम.

दुसरा धडा वेरूळचा. कैलास लेण्यांत रावण पर्वत हालवितो आहे. त्याच्या अनेक बाहूंचें चक्र खालीं फिरतें आहे, वर दचकलेली पार्वती शिवाला बिलगली आहे. आणि शिव मात्र स्वस्थ आहे. त्याच्या स्वस्थपणामुळेंच खालची उलथापालथ डोळ्यांत भरते. सगळेंच हालूं लागलें तर कांहींच हालत नाहींसें होतें. स्थैर्याच्या पार्श्वभूमीवरच चलन दिसतें.

इंग्रजी अमदानींत पाश्चात्त्य शिल्पविद्या आपल्याकडे आली ती मुख्यतः मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या द्वारें. १८९६ च्या सुमारास त्या शाळेंतील गणपतराव म्हात्रे नांवाच्या तरुण विद्यार्थ्यानें एका महाराष्ट्रीय तरुणीची मूर्ति घडविली. पूजेचें साहित्य घेऊन ती देवळाकडे निघाली आहे, म्हणून तिला 'मंदिरपथगामिनी' हें नांव मिळालें. या नांवांतच वाट आहे, चालणें आहे आणि मुक्काम आहे. पाश्चात्त्य पद्धतीनें शिकलेल्या हातानें या देशांतील चालणें पकडलें. आणि त्या चालण्यांत घाई म्हणून नाहीं. वेगाचा लवलेश नसतांहि गति किती भरून राहूं शकते, याचें याहून चांगलें उदाहरण आपल्या अर्वाचीन शिल्पांत सांपडणें कठिण.

परंतु मूर्तिकाराला खरा पेंच पडला तो घोड्याचा. धातु जड, घोड्याचे पाय बारीक. आणि धांवता घोडा तर कांहीं क्षण जमिनीला टेकलेलाहि नसतो. पिएत्रो ताक्का या इटालियन शिल्पकारानें १६४० सालीं स्पेनच्या चौथ्या फिलिप राजाचा पुतळा पुरा केला; त्यांत घोडा मागच्या दोन पायांवर उभारलेला आहे. एवढा भार तोलण्याची युक्ति गॅलिलिओनें सुचविली असें परंपरा सांगते. सेंट पीटर्सबर्ग येथें १७८२ सालीं उघडलेल्या पीटर बादशहाच्या पुतळ्यांतहि फाल्कोने या शिल्पकारानें मागचे पाय आणि शेपूट यांच्यावरच सगळा डोलारा सांवरला. पुण्यांत या जातीचें मोठें काम झालें तें १९२८ सालीं. अलिबागजवळच्या सासवणें गांवीं देवळाच्या भिंतीवर एका मुलानें अश्वारूढ शिवाजीमहाराजांचें चित्र काढलें होतें. तें ऑटो रॉथफील्ड या कलेक्टराच्या नजरेस पडलें आणि त्यानें मुलाला मुंबईच्या कलाशाळेंत धाडण्याची व्यवस्था केली. हाच मुलगा पुढें नानासाहेब करमरकर म्हणून विख्यात झाला. पुण्याच्या श्रीशिवाजी स्मारकाची कोनशिला १९२१ सालीं बसली होती. त्यावर करमरकरांनीं घडविलेला ब्राँझचा अश्वारूढ पुतळा १६ जून १९२८ रोजीं उघडण्यांत आला. भिंतीवरच्या कोळशारंगाच्या घोड्यापासून ब्राँझच्या घोड्यापर्यंतचा हा प्रवास मराठी माणसाला अभिमान वाटावा असाच आहे. ओतीव पुतळ्याचें एक लक्षण मात्र येथेंच टिपून ठेवलें पाहिजे. तो अखंड देहासारखा दिसतो. देहाला नांव असतें, नांवाला भक्त असतात, आणि भक्तांच्या बळावर पुतळा चौकांत निर्वेध उभा राहतो.

घोड्याच्या पायांचा वाद दुसऱ्याच एका बाजूनें सुटला. १८७८ सालीं कॅलिफोर्नियांत मायब्रिज या छायाचित्रकारानें कॅमेऱ्यांची रांग मांडून दौडत्या घोड्याचीं क्रमवार छायाचित्रें घेतलीं. चित्रकार शतकानुशतकें घोड्याचे पाय पुढें-मागें ताणलेले दाखवीत असत; छायाचित्रांत असें दिसलें कीं, चारहि पाय हवेंत असतात तेव्हां ते पोटाखालीं गोळा झालेले असतात. विज्ञानानें कलेला खोटें ठरविलें असा गवगवा झाला. रोदँ या फ्रेंच शिल्पकारानें त्यावर मार्मिक उत्तर दिलें: काळ कधीं थांबत नाहीं, म्हणून थांबलेला क्षण दाखविणारें छायाचित्रच खोटें, एकाच मूर्तींत आधींचा आणि नंतरचा असे दोन्ही क्षण मुरविणारा कलावंत खरा. याच सुमारास मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें एकाच कांचेवर चालत्या माणसाच्या अनेक स्थिति उमटविल्या. त्या छायाचित्रांत माणसाचा चेहरा विरून जातो आणि उरते ती त्याच्या चालीची लय. अमूर्त शिल्पाचें बीज येथें आहे असें म्हटलें तरी चालेल. देह वजा जातां जें उरतें तें चलन.

या बीजाला पहिला अंकुर फुटला तो इटलींत. १९०९ सालीं मारिनेत्ति या कवीनें आपल्या जाहीरनाम्यांत धांवत्या मोटारीला प्राचीन ग्रीक मूर्तीहून सुंदर ठरविलें आणि त्याच दमांत युद्धाचाहि गौरव केला. त्याच्या पंथांतील बोच्चोनी यानें १९१३ सालीं एक चालता पुरुष घडविला. त्याला हात नाहींत, चेहरा नाहीं. वाऱ्यानें मागें ओढलेल्या ज्वाळांसारखे त्याचे स्नायु आहेत. ही मूर्ति थोर आहे यांत शंका नाहीं, आणि ती थोर आहे याचें कारण तिच्यांत पाऊल आहे, मोटार नाहीं. वेगाची पूजा मांडणाऱ्या या पंथाचा शेवट मात्र उदास करणारा झाला. ज्या युद्धाचें त्यांनीं स्वागत केलें त्याच युद्धाच्या काळांत, १९१६ सालीं, लष्करी कवायतींत घोड्यावरून पडून बोच्चोनी मरण पावला. मोटारीच्या भक्ताला घोड्यानें फेकलें. त्याच्या हयातींत तो चालता पुरुष प्लॅस्टरचाच राहिला. ब्राँझमध्यें तो ओतला गेला तो पुढें, १९३१ सालीं.

रशियांतील नाउम गाबो यानें १९२० च्या सुमारास याहून पुढचें पाऊल टाकलें. एक उभी पोलादी सळई, तिच्या तळाशीं विजेची मोटर. मोटर सुरू झाली कीं सळई थरथरते आणि हवेंत एका लहरीचा आकार उभा राहतो. मोटर थांबली कीं आकार नाहींसा होऊन नुसती सळई उरते. पुढें अलेक्झांडर काल्डर या अमेरिकनानें मोटरहि काढून टाकली. तो मुळांत यंत्रविद्येचा पदवीधर. तारेला पत्र्याचीं पानें टांगून त्यानें तीं वाऱ्याच्या हवालीं केलीं. १९५५ सालीं तो अमदाबादेस साराभाई कुटुंबाकडे येऊन राहिला होता, आणि त्या मुक्कामांत त्यानें कित्येक कृति तेथेंच केल्या. चंडीगडचा 'उघडा हात' हें ल कोर्बुझिएच्या कल्पनेचें धातुशिल्प १९८५ सालीं उभें राहिलें. २६ मीटर उंचीचें तें धूड वाऱ्याबरोबर दिशा बदलतें. या कृतींना वेग जवळजवळ नाहींच. काल्डरचें पान किती वेळांत फिरलें हें कोणी घड्याळ लावून पाहत नाहीं.

या सगळ्यांत पोलादाचा वांटा कोणता, हें आतां पाहूं. ओतकामांत वस्तुमान आधीं असतें आणि आकार त्यांत कोंडलेला असतो. जोडकामांत याच्या उलट होतें. पट्टी, सळई, पत्रा असे सुटे तुकडे घेऊन कारागीर हवेंत रेघ ओढल्यासारखा आकार बांधीत जातो. ही विद्या कलावंतांना कलाशाळेंत मिळाली नाहीं. ती त्यांना कारखान्यांत मिळाली. हूलिओ गोन्सालेस हा स्पॅनिश लोहारपुत्र पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस फ्रान्समधील रेनो मोटारीच्या कारखान्यांत वायूनें धातु जोडावयास शिकला, आणि १९२८ पासून त्यानें तीच विद्या पिकासोच्या शिल्पांसाठीं राबविली. अमेरिकेंतील डेव्हिड स्मिथ तरुणपणीं मोटारीच्या कारखान्यांत कामाला होता. दुसऱ्या महायुद्धांत तो आगगाडीचीं इंजिनें आणि रणगाडे यांचें जोडकाम करीत असे. १९६२ सालीं इटलींत व्होल्त्री येथील बंद पडलेल्या कारखान्यांत बसून त्यानें तेथल्याच भंगारांतून महिन्याभरांत २७ शिल्पें उभीं केलीं. तात्पर्य, मोटार आणि पोलादी शिल्प हीं दोन्ही एकाच भट्टीशीं वाढलेलीं भावंडें आहेत.

महाराष्ट्रांत कलाशाळा आणि कारखाना यांची गांठ अशीच एका विलक्षण योगायोगानें पडली. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे चित्रकार होण्यासाठीं जे. जे. कलाशाळेंत गेले, पण रंग ओळखण्यांत डोळ्यांचा दोष आड आला, म्हणून रंगांचा नाद सोडून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. तो विषय त्यांनीं मुंबईस शिकविला, बेळगांवीं सायकलींचें दुकान घातलें, आणि १९१० सालीं माळरानावर किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा केला. त्यांच्या लोखंडी नांगराचा वळलेला फाळ डोळ्यांपुढें आणावा. माती उचलून पालथी करण्यासाठीं धातूला जो पीळ द्यावा लागतो, तो पीळ म्हणजे पोलादांत बांधलेलें चलनच. त्याला शिल्प म्हणावयाचें कोणाला सुचलें नाहीं, कारण तो उपयोगी पडत होता.

शुद्ध कलेच्या हेतूनें धातु वांकविणारे लोक मुंबईंत पुढें आले ते स्वातंत्र्यानंतर. आदि दावियरवाला हे पेशानें औषधशास्त्रज्ञ, आणि पिलू पोचखानवाला या कलाशाळेची पायरी न चढतां स्वतःच्या जिद्दीवर शिल्पकार झालेल्या. दोघांनाहि मार्गदर्शन मिळालें तें ना. ग. पानसरे या मराठी शिल्पकाराचें. पोचखानवाला यांनीं भंगार लोखंड जोडून शिल्पें केलीं, आणि त्यांचें 'स्पार्क' नांवाचें मोठें धातुशिल्प मुंबईंत हाजीअलीच्या चौकांत, अखंड वाहणाऱ्या मोटारींच्या मध्यें, उभें राहिलें. आपल्याकडे रस्त्याच्या मधोमध, कोणाहि थोर पुरुषाचें नांव न घेतां, धातूचा केवळ आकार म्हणून उभी राहिलेली जीं थोडीं शिल्पें आहेत त्यांत त्याची गणना केली पाहिजे. १९८६ सालीं पोचखानवाला वारल्या. त्यानंतर कांहीं वर्षांनीं तें शिल्प तेथून उचललें गेलें.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण धायरीच्या रस्त्याचा प्रश्न हाच आहे. चौकांतील एखादा पुतळा हालवावयाचा म्हटलें तर सभा भरतात, मोर्चे निघतात, मंत्र्यांना निवेदनें जातात. अमूर्त शिल्प हालवावयाचें तर एक क्रेन पुरते. त्याला जात नाहीं, जयंती नाहीं, अनुयायी नाहींत. कलेचे चाहते निषेध करतात, वर्तमानपत्रांत पत्रें येतात; पण रोज त्या चौकांतून जाणाऱ्या हजारों माणसांपैकीं बहुतेकांना आपलें कांहीं गेलें असें वाटत नाहीं. हा दोष लोकांचा म्हणून हात झटकणें सोपें आहे. ज्या वस्तूला लोकांनीं कधीं हांक मारली नाहीं, तिच्या जाण्याची हाक त्यांना ऐकूं यावी कशी?

यावर असें म्हणण्यांत येतें कीं, अमूर्त कला ही परदेशी. आपल्या लोकांना ती समजणार नाहीं. हा आक्षेप आम्हांस मुळींच पटत नाहीं. ज्या देशांत शेंदूर फांसलेला ओबडधोबड दगड म्हसोबा होतो, ज्या महाराष्ट्रांत देवी कित्येक ठिकाणीं नाक-डोळे न कोरलेल्या तांदळ्याच्या रूपांत नांदते, त्या महाराष्ट्राला निराकाराची भीति कसली? धायरीचें स्वतःचें दैवत धारेश्वर हें लिंगरूप आहे. त्याला चेहरा नाहीं म्हणून कोणा भाविकाची अडचण झालेली ऐकिवांत नाहीं. फरक इतकाच कीं, त्या दगडाशीं गांवाचा व्यवहार आहे. त्याला पाणी घालतात, त्याच्यापुढें नवस बोलतात, त्याच्या साक्षीनें भांडणें मिटवितात. आकार कळण्यापूर्वीं नातें जुळलेलें असतें. पोलादाच्या शिल्पाला देव करावयाचें नाहीं. पण नात्यावांचून त्याची धडगत नाहीं, एवढें या शेजाऱ्यापासून शिकतां येण्यासारखें आहे.

आणि तें नातें धायरीला जोडतां येईल असें एक साधन तेथेंच आहे: त्या शेडमधले हात. असें शिल्प कसें घडतें तें पाहावें. कागदाचा किंवा पत्र्याचा लहान नमुना करून त्याचीं मापें वाढवितात. आंतला सांगाडा जाड पाइपाचा. त्यावर कातडीप्रमाणें पत्रा चढतो. पत्रा रोलिंग यंत्रांतून काढून गोलाई आणतात. दोन दिशांनीं वळणारी गोलाई यंत्राला जमत नाहीं. तेथें पट्ट्या कापाव्या लागतात, किंवा हातोडीनें ठोकून आकार काढावा लागतो. पुण्याच्या तांबट आळींतला कारागीर हंड्याला जो आकार ठोकून देत आला, तोच हा. मग टॅक मारून तुकडे जागेवर धरतात आणि शेवटीं वेल्डिंग करतात. येथें कारागिराची कसोटी असते. सांध्याची जागा तापते, निवतांना आकसते आणि सगळा पत्रा आपल्याकडे ओढते; एका टोकापासून सलग जोडीत गेल्यास नितळ वळण पिळवटून जातें. म्हणून जाणता वेल्डर येथें थोडें, तेथें थोडें, समोरासमोर जोडीत जातो, म्हणजे ओढीनें ओढ फिटते. उन्हाचाहि हिशेब धरावा लागतो: दहा मीटर लांबीचें साधें पोलाद ३० अंशांनीं तापलें तर साडेतीन मिलिमीटरांहून अधिक वाढतें, आणि न गंजणारें पोलाद त्याहून जास्त. पावसाचें पाणी आंत सांचूं नये म्हणून तळाशीं भोंकें ठेवावीं लागतात. आणि जें कोणाला दिसत नाहीं तें कॉंक्रीटचें जोतें व त्यांत रोवलेले बोल्ट वाऱ्याचा सगळा धक्का सोसतात. जिने, कठडे, गोठ्यांचे पत्रे आणि यंत्रांचे सांगाडे करणाऱ्या वेल्डराला हें सगळें ठाऊक असतें. कलावंतानें आकार सुचवावा. पण तो आकार त्याच टापूंतल्या शेडमध्यें, त्याच टापूंतल्या माणसांच्या हातून बांधला जावा, आणि त्यांचीं नांवें जोत्यावर कोरलीं जावीं. मग त्या शिल्पाचा कैवार घेणारें निदान एक घराणें तरी गांवांत राहील. ज्याच्या बापानें हें वळण जोडलें त्या मुलाला क्रेन आलेली मुकाट्यानें पाहवणार नाहीं.

आतां उरला मूळचा प्रश्न: गति कीं वेग? रस्त्यावरचें शिल्प पाहणारा स्वतःच चालत असतो, ही त्याची जगावेगळी परिस्थिति आहे. संग्रहालयांत मूर्ति स्थिर आणि पाहणाराहि बहुधा स्थिर. रस्त्यावर ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढें सरकते. शंभर मीटरांवरून शिल्प दिसूं लागलें तर नऊ सेकंदांत तें मागें पडतें. त्या नऊ सेकंदांत गाडीवाल्यानें शिल्पाकडे टक लावून पाहावें असें शिल्पकाराला वाटत असेल, तर तो शिल्पकार त्या माणसाचा वैरी समजावा. आरशासारखी झिलई दिलेलें पोलाद दुपारच्या उन्हांत डोळे दिपवितें. म्हणून पृष्ठभाग मंद ठेवला पाहिजे. आणि चलनाच्या नांवाखालीं बाणाच्या, विजेच्या, झेंपावणाऱ्या पात्याच्या आकृति उभारणें म्हणजे नवले पुलाच्या उतारावर वेगाला आणखी एक निमंत्रण देणें होय. त्या उतारावर ज्यांचीं माणसें गेलीं त्यांना असलें स्मारक कसें पाहवेल?

याउलट, वीरगळाच्या पाथरवटाला ठाऊक होतें तें तत्त्व येथें लावून पाहावें. पाहणारा हालतो, म्हणून शिल्पानें हालण्याचें सोंग करण्याची गरज नाहीं. तें वळावें, म्हणजे पुरे. एका बाजूनें बंद दिसणारा आकार पुढें जातां जातां उघडत जावा, दोन पट्ट्यांमधली फट रुंदावत जाऊन तिच्यांतून क्षणभर सिंहगड दिसावा आणि पुन्हां मिटावा. गाडीवाल्याला तो बदल डोळ्याच्या कोपऱ्यांत जाणवेल, आणि त्याची नजर रस्त्यावरच राहील. गर्दींत अडकलेल्या बसमधल्या प्रवाशाला तोच बदल मिनिटामिनिटानें दिसेल. वैतागाच्या त्या अर्ध्या तासांत कांहींतरी पुढें सरकत आहे एवढी त्याची समजूत पटेल. आणि पायीं जाणाऱ्याला तर तो सगळ्यांत सावकाश आणि सगळ्यांत पुरता दिसेल. रस्त्याचा खरा मालक पायीं चालणारा. त्याचाच आपल्याला अलीकडे विसर पडत चालला आहे. शिल्पाच्या पायथ्याशीं चार माणसांना बसतां येईल असा कट्टा आणि एखादें झाड असलें, म्हणजे आकार समजण्यापूर्वीं तेथली सांवली समजेल, आणि 'त्या वळलेल्या पत्र्यापाशीं भेटूं' असें कोणी तरी म्हणूं लागेल. लोकांनीं दिलेलें असें एखादें वांकडें नांव हें त्या शिल्पाचें खरें उद्घाटन होय. फीत नंतर कापली तरी चालेल.

म्हात्र्यांची ती तरुणी शतकाहून अधिक काळ देवळाच्या वाटेवर आहे, आणि तिला उशीर झाला आहे असें कोणालाहि वाटत नाहीं. धायरीच्या रस्त्याला पोलादांत कांहीं मागावयाचें असेल तर तिची ती चाल मागावी.